विहीणबाईंचा नाताळ

विहीणबाई आमच्याकडे आल्या त्या दिवसापासून मला वाटत होतं, यांना आमची थंडी सोसत नाहीये. डिसेंबरचा तिसरा आठवडा होता. इथे शिकागोजवळ शॉमबर्गला बाहेर सगळं गोठलेलं, पण घरात हीटिंग चालू होतं. तरी सकाळी त्या खोलीतून बाहेर यायच्या त्या गळ्यापर्यंत बंद स्वेटर, त्यावर जाड कार्डिगन, गळ्यात स्कार्फ, पायात लोकरीचे मोजे अशा बंदोबस्तात. मी थर्मोस्टॅट दोन डिग्रीनं वाढवला. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. माझा नवरा टी-शर्टवर आला. विहीणबाईंचा चेहरा लालबुंद झाला, वरच्या ओठावर घामाचे थेंब दिसायला लागले, आणि कार्डिगन तसंच. मी चौतीस वर्षं भूल देणारी डॉक्टर म्हणून काम केलंय. माणसाच्या चेहऱ्याचा रंग बदलला की माझा हात आपोआप पुढे जातो. मी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

"मी ठीक आहे," त्या म्हणाल्या. "तुमचं घर फार छान उबदार आहे."

आम्ही दोघी इंग्रजीत बोलायचो. त्यांचं इंग्रजी फ्रेंच वळणाचं, माझं अकोल्याचं. पाच वर्षांपूर्वी माझ्या लेकीनं त्यांच्या मुलाशी लग्न केलं, तेव्हा दोन दिवस भेटलो होतो, तेवढाच आमचा संबंध. लेक आणि जावई क्युपर्टिनोला राहतात, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. एकाआड एक नाताळ ती दोघं फ्रान्सला जायची. "त्यांच्याकडे डोंगरात एक घर आहे, स्कीइंगला जातो," असं लेक सांगायची. फोटो पाठवायची. बर्फात जाकिटं घालून उभी असलेली माणसं, नाहीतर नुसते जवळून काढलेले चेहरे. मी ते फोटो मैत्रिणींना दाखवायची.

त्या सप्टेंबरमध्ये विहीणबाईंचे यजमान गेले. झोपेतच गेले. शाळेत गणित शिकवायचे, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. आई पहिलाच नाताळ एकटी काढणार म्हणून जावई बेचैन झाला, आणि लेकीनं तोडगा काढला: सगळे शिकागोला आईबाबांकडे जमू. विहीणबाई पॅरिसहून सरळ आमच्याकडे, ही दोघं तेवीस तारखेला. तेवीसला हिमवादळ आलं. फ्लाइट कॅन्सल झाली, दुसरी मिळाली तीही कॅन्सल झाली, आणि शेवटी सव्वीसचं तिकीट मिळालं. म्हणजे तीन दिवस घरात आम्ही तिघंच. जिला आम्ही नीट ओळखत नव्हतो आणि जिचा नवरा नुकताच गेला होता, अशी एक बाई, आणि आम्ही दोघं.

त्या घरात स्वस्थ बसत नव्हत्या. पुस्तक उघडायच्या, मिटायच्या. खिडकीशी जायच्या. मी काही उचलायला वाकले की धावत यायच्या, "मी करते." मग मलाही बसवेना. आमचं घर काही लहान नाही, पण त्या दिवसांत आम्ही तिघं एकमेकांना वाट देत फिरतोय असं चाललं होतं.

चोवीसला सकाळी मी करंज्या करायला घेतल्या. लेकीला ओल्या नारळाच्या आवडतात. ती सव्वीसला येणार, तरी मला हाताला काम हवं होतं. विहीणबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना पारी लाटून दिली, सारण भरून कडा कशी मुडपायची ते दाखवलं. हात चांगला होता त्यांचा. पण तेल तापलं, स्वयंपाकघर तापलं आणि त्यांच्या कपाळावरून घाम गळायला लागला.

"अहो, ते कार्डिगन तरी काढा," मी म्हटलं. "चक्कर येईल तुम्हाला."

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. माझा नवरा बाहेरच्या खोलीत टीव्हीवर हवामान बघत बसला होता. मग माझ्याकडे पाहिलं.

"चालेल?"

"न चालायला काय झालं?"

त्यांनी कार्डिगन काढून खुर्चीवर टाकलं. स्कार्फ काढला. मोठा श्वास घेतला. आणि मग म्हणाल्या, "तुमच्या मुलीनं मला सांगून ठेवलं होतं, तुमच्या घरी जरा जपून. मी जरा जास्तच जपले वाटतं."

मला काही कळेना. जपून म्हणजे काय? आमच्या घरात कसलं जपणं?

त्या पुढे बोलल्या, अगदी सरळ, हातातली करंजी मुडपत. "आज दुपारी तीनला माझी माणसं व्हिडिओ कॉल करणार आहेत. तिथे तेव्हा रात्रीचे दहा वाजलेले असतील, सगळे जेवायला जमलेले असतील. मी तो माझ्या खोलीत घेऊ शकते. पण तुम्हाला आधी सांगायला हवं. त्यांच्या अंगावर कपडे नसतील. आम्ही नॅचरिस्ट आहोत. तुम्हाला माहीतच असेल."

मला माहीत नव्हतं.

"हो का?" मी म्हटलं.  मी पुढच्या तीन करंज्या सारण न भरताच मिटवल्या.

त्यांनी सांगितलं ते असं. दक्षिणेला डोंगराच्या उतारावर त्यांची एक वसाहत आहे. उन्हाळ्यात शेकडो कुटुंबं येतात, तंबू लावतात, पोहतात. थंडीत बहुतेक सगळं बंद होतं आणि पंचवीस-तीस म्हातारीकोतारी उरतात, लहान लाकडी घरांमधून राहणारी. विहीणबाई आणि त्यांचे यजमान निवृत्तीनंतर तिथेच कायमचे राहायला गेले होते. त्याआधी तीस वर्षं सुट्टीत जायचे. जावई लहानाचा मोठा तिथेच झाला, दर उन्हाळ्यात.

"पण थंडीत?" मी विचारलं. मला खरं तर दुसरंच काहीतरी विचारायचं होतं.

"थंडी वाजली की कपडे घालतो," त्या हसून म्हणाल्या. "आम्ही वेडे नाही. बर्फ पडला की तुमच्यासारखेच कोट घालून फिरतो. पण नाताळला मोठ्या हॉलमधली शेगडी सकाळपासून पेटवून ठेवतात. संध्याकाळी सगळे कोट घालून येतात, दाराशी खुंट्या आहेत त्यांवर कोट आणि कपडे टांगतात, आणि आपापला टॉवेल घेऊन आत येतात. टॉवेलाशिवाय खुर्चीवर बसायचं नाही, हा नियम. जो स्वयंपाक करतो त्याला एप्रन घालायची मुभा आहे, तेल उडतं ना! आणि सांताक्लॉज होणाऱ्याला टोपी, दाढी आणि बूट. जेवण होतं, एकमेकांना लोकरीचे मोजे भेट देतात, कारण आमच्याकडे तेवढंच घालायला लागतं. मग ज्यांची श्रद्धा आहे ते पुन्हा सगळे कपडे चढवून खालच्या गावात मध्यरात्रीच्या प्रार्थनेला जातात. माझे यजमान जायचे नाहीत. ते कालवं उघडायचे. सगळ्यांची कालवं, दर वर्षी, तेच."

इथे त्या थांबल्या. मी गॅस बंद केला.

माझं आयुष्य कपडे नसलेली माणसं बघण्यात गेलंय. पण ती सगळी झोपलेली असायची. मीच त्यांना झोपवलेलं असायचं, आणि शस्त्रक्रिया संपली की त्यांच्यावर गरम पांघरूण ओढणं हे माझं काम असायचं. जागी, हसणारी, जेवणारी अशी माणसं मी कधी पाहिली नव्हती. त्याहून खरं सांगायचं तर, मलाही नवऱ्याशिवाय आणि दोन-तीन डॉक्टरांशिवाय कुणी पाहिलेलं नव्हतं.

"तुमच्या खोलीत घ्या कॉल," मी म्हटलं. "तुम्हाला जास्त मोकळं वाटेल." मोकळं कुणाला वाटणार होतं, ते आम्हा दोघींनाही कळलं.

नवऱ्याला मी बेसमेंटमध्ये नेऊन सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. तो इंजिनीयर, आधी गोष्ट पूर्ण ऐकतो. मग म्हणाला, "म्हणजे आपला जावईसुद्धा?"

"लहानपणापासून."

तो थोडा वेळ वॉशिंग मशीनकडे बघत राहिला. "आणि आपली?"

हाच प्रश्न मला स्वयंपाकघरात विचारायचा होता. "मला काय माहीत," मी म्हटलं.

"तू विचार ना त्यांना."

"तू विचार."

 तो वर गेला, बूट चढवले, कोट, टोपी, हातमोजे घातले, आणि बर्फ काढायला बाहेर गेला. आमचा ड्राइव्हवे झाला तरी फावड्याचा आवाज येतच राहिला. खिडकीतून पाहिलं तर तो शेजाऱ्यांच्या ड्राइव्हवेवर होता.

मी विचारलं विहीणबाईंना. जेवण झाल्यावर, नवरा पुन्हा बर्फ काढायला गेला तेव्हा, ताटं धुताना, पाठमोरी राहून. त्यांनी हातातलं ताट पुसून ठेवलं. मग म्हणाल्या, "ते तिलाच विचारा. तिनं तुम्हाला काय सांगितलं आणि काय नाही, यात मला पडायचं नाही. मला वाटलं होतं, सगळं सांगितलंय."

त्यांचा आवाज दुखावलेला होता. मी वळून पाहिलं. माझं दुःख मला कळत होतं: लेक पाच वर्षं आपल्याशी खोटं बोलली. पण या बाईंनाही तेव्हाच कळत होतं की त्यांच्या सुनेनं त्यांना पाच वर्षं लपवून ठेवलं. स्कीइंगचं घर म्हणून.

तीनला त्यांच्या खोलीतून पहिला आवाज आला तो मोठ्या ओरडण्याचा, पंचवीस माणसं एकदम ओरडल्याचा. मी धुतलेल्या चादरी घेऊन पॅसेजमध्ये उभी होते. चादरी ठेवायचं कपाट त्यांच्या दाराशेजारीच आहे. मी एक चादर ठेवली, काढली, पुन्हा घडी केली. आत फ्रेंच चाललं होतं, हसणं चाललं होतं. मग शांतता. बराच वेळ शांतता. फोनच्या त्या टोकालाही कुणी बोलत नव्हतं. मग विहीणबाईंचा एक दबका आवाज, रडणं दाबताना येतो तसा.

मी दार वाजवलं आणि आत गेले.

त्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, टॅब्लेट समोर टेबलावर उभा. मी शेजारी बसले आणि त्यांचा हात धरला. आणि मग समोर पाहिलं, कारण न पाहणं जास्त अवघड होतं.

एक लांब टेबल, मेणबत्त्या, मागे शेगडी. आणि म्हातारी माणसं. माझ्या डोळ्यांना त्यांचे चेहरे नंतर दिसले. आधी दिसल्या शस्त्रक्रिया. त्या कोपऱ्यातल्या माणसाचं बायपास. त्याच्या पलीकडचा हर्निया, जुन्या पद्धतीचा. एका बाईंना एकच स्तन होता आणि दुसऱ्या बाजूला आडवा व्रण, छान भरलेला. एकाच्या कॉलरबोनखाली पेसमेकरचा उंचवटा. सिझेरियन, गुडघे, पित्ताशय. मी आयुष्यभर ज्यांच्या उशाशी बसले तीच सगळी माणसं उठून, डोक्यावर लाल टोप्या घालून जेवायला बसली आहेत, असं वाटलं. आणि ती सगळी रडत होती. टेबलाच्या टोकाला एक खुर्ची रिकामी होती. तिच्यावर एक निळा टॉवेल नीट घडी करून ठेवलेला होता.

"त्यांचा," विहीणबाई म्हणाल्या.

मग कुणीतरी एक ताट कॅमेऱ्यासमोर धरलं. कालवं होती, पण शिंपल्यांचे तुकडे उडालेले, अर्धी फुटलेली. एप्रन घातलेल्या एका उंच माणसानं आपलं पट्टी बांधलेलं बोट वर केलं आणि काहीतरी म्हटलं. विहीणबाई रडता रडता हसायला लागल्या. "तो म्हणतोय, गणिताच्या मास्तरांनी हे कसं शिकवलं नाही?"

तेवढ्यात एका बाईनं मला पाहिलं. "ही कोण?" विहीणबाईंनी सांगितलं. सुनेची आई, एवढं मला कळलं. पुन्हा ओरडा झाला. सगळ्यांनी ग्लास वर केले. त्या एक स्तन असलेल्या बाईंनी इंग्रजीत विचारलं, "शिकागोला थंडी आहे का?"

"फार," मी म्हटलं. "उणे पंधरा."

"मग कपडे घाला!" त्या म्हणाल्या, आणि सगळं टेबल हसलं. मीही हसले. मोठ्यानं हसले. माझ्या अंगावर तेव्हा सलवार-कमीज, स्वेटर आणि वर शाल होती.

मागे दार करकरलं. नवरा होता, टोपीवर बर्फ, हातात फावडं नव्हतं एवढंच. हसणं ऐकून आला होता. त्यानं स्क्रीनकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा वळून जाईल. तो तसाच दोन क्षण उभा राहिला, मग हातमोज्यांसकट हात जोडून म्हणाला, "नमस्कार." पलीकडच्या पंचवीस जणांनी गोंधळत, एकमेकांकडे बघत, हात जोडले. मग तो गेला. स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला.

हे सगळं गोड वाटेल ऐकायला. पण पंचवीस तारीख फार वाईट गेली. विहीणबाई आता घरात एका साध्या सुती ब्लाउजमध्ये वावरत होत्या, थर्मोस्टॅट खाली आला होता, आणि मला मात्र कशातच चैन नव्हतं. लेकीला फोन करावा असं दहा वेळा वाटलं. काय बोलायचं ते मनात जुळवायचे, मोडायचे. राग यायचा, आणि राग नक्की कशाचा ते धरायला गेलं की हातातून निसटायचा. तिनं काय केलं याचा? की ते मला सांगितलं नाही याचा? नवरा एकदाच बोलला. "तिला आपली भीती वाटते, असं कधी वाटलं होतं का तुला?" मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "मलाही नाही."

सव्वीसला दोघं आली. जावई आईच्या गळ्यात पडला आणि ते दोघं खोलीत गेले. मी लेकीला म्हटलं, जरा बेसमेंटमध्ये चल, खुर्च्या आणायच्या आहेत. तिनं माझा चेहरा पाहिला आणि खुर्च्यांचं सोंग तिथेच सोडून दिलं.

"शी टोल्ड यू."

"त्यांना वाटलं आम्हाला माहीत आहे. तू स्कीइंग का सांगितलंस?"

"आई, तू काय म्हणाली असतीस?"

"ते तू मला म्हणू तरी द्यायचं होतंस."

ती पायरीवर बसली. चौतीस वर्षांची माझी मुलगी, केसांत बर्फाचं पाणी. "आठवीत मला स्विम टीममध्ये घेतलं होतं," ती म्हणाली. "तू म्हणालीस, डान्स क्लासच्या टायमिंगशी क्लॅश होतंय. मी डान्स टीचरला विचारलं होतं, आई. क्लॅश होत नव्हतं. तेव्हा आजी इथे राहायला आली होती."

मला वाटलं होतं हे तिला कधीच कळलं नाही. सासूबाईंसमोर नातीनं पोहण्याचा पोशाख घालून गाडीत बसायचं, परत यायचं, त्यावर घरात बोलणी व्हायची, हे सगळं मला टाळायचं होतं. मी एक सोपं कारण सांगितलं आणि विषय संपवला. सासूबाई सहा महिन्यांनी परत गेल्या. स्विम टीमचं नाव मी पुन्हा काढलं नाही.

"मी चिडले नव्हते," लेक म्हणाली. "मी फक्त शिकले. की काही गोष्टींना सोपं कारण द्यायचं."

मी दुसऱ्या पायरीवर बसले. तिनंच विचारलं, "डू यू वॉन्ट टू नो?"

"नको," मी म्हटलं. मग थोड्या वेळानं, "सांग."

"पहिल्या वर्षी मी कपड्यांत बसले. कुणी काही म्हटलं नाही. सगळ्यांत वेगळी मीच दिसत होते, तरी कुणी बघत नव्हतं. दुसऱ्या वेळी..." तिनं केसांतलं पाणी निपटलं. "दुसऱ्या वेळी टॉवेल गुंडाळून बसले. मग पापांनी, म्हणजे याच्या बाबांनी, मला कालवं उघडायला शिकवायला बोलावलं. दोन हात लागतात त्याला. टॉवेल धरायला हात उरला नाही." ती हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा रडवेला झाला. "मला ते फार आवडायचे, आई. ते गेले तेव्हा तुला सांगता पण येईना की मला त्यांचं काय काय आठवतंय."

तिचे सासरे गेले तेव्हा मी तिला फोनवर सांत्वनाचं जे बोलतात ते बोलले होते. ती 'हो, हो' म्हणाली होती. तिला दुःख झालंय हे मला माहीत होतं. पण कशाचं, ते नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला ते सगळं पटलं होतं असं नाही. अजूनही पूर्ण पटलेलं नाही. माझ्या मुलीला त्या टेबलाशी बसलेली डोळ्यांसमोर आणायला गेले की मी आजही मध्येच दुसऱ्या कामाला लागते. पण त्या संध्याकाळी ती माझ्याशी तासभर बोलली, न चाळता, न निवडता, आणि तशी ती आठवीनंतर बोलली नव्हती.

विहीणबाई चार जानेवारीला परत गेल्या. त्यांनी लेकीला माझ्यासमोर एकच गोष्ट विचारली, "मी लाजिरवाणी आहे का?" लेक म्हणाली, "नाही. घाबरट मी आहे." त्या दोघींमध्ये तेवढ्यानं मिटलं की नाही मला माहीत नाही. पुढचे दोन-तीन महिने लेकीचे फोन कमी झाले, तेव्हा मला वाटलं, जास्त बोलून बसली आणि आता अवघडली. मग हळूहळू पुन्हा सुरू झाले.

या ऑक्टोबरात विहीणबाईंची ईमेल आली. यंदाचा नाताळ तिकडे करा, आम्हा दोघांना आमंत्रण. खाली स्पष्ट लिहिलं होतं: पाहुण्यांना हॉलमध्ये कपड्यांत बसता येतं, कुणी काही म्हणणार नाही, पोहण्याच्या तलावात मात्र नाही. नवऱ्यानं ती वाचली आणि म्हणाला, "मला कालवं चालत नाहीत." मी म्हटलं, "तेवढीच अडचण आहे का?" तो म्हणाला, "नाही. पण सांगता येण्यासारखी तेवढीच आहे."

आम्ही तिकिटं काढली. दोन दिवसांनी मी ती कॅन्सल करायला घेतली, त्यानं अडवलं. पुढच्या आठवड्यात तो कॅन्सल करायला निघाला, मी अडवलं. इथल्या मैत्रिणींनी विचारलं, फ्रान्सला कुठे? मी 'डोंगरात' म्हटलं आणि मग उगाच अर्धा दिवस स्वतःवर चिडले. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या एकीला फोन करून खरं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, मग बॅग हलकी होईल तुझी."

परवा लेकीचा फोन आला.

"आई, तू खरंच येणार आहेस?"

"येणार आहे."

"ॲन्ड?"

"आणि काय ते तिथे गेल्यावर बघू."

 ती म्हणाली, "ओके. तुमची फ्लाइट किती वाजता पोहोचते? आम्ही न्यायला येतो."